वापरलेली गोल्फ जीटीआय: किरकोळ भाग, महागडी दुखणी

फोक्सवॅगनची पाचव्या पिढीची गोल्फ जीटीआय २००४ साली बाजारात आली आणि पुढे पाच वर्षांनी सहाव्या पिढीने तिची जागा घेतली. आज ही गाडी तिच्या मूळ किमतीच्या अगदी थोड्या हिश्शात मिळते. सुट्या भागांची आणि मजुरीची बिले मात्र अजूनही महागड्या गाडीच्या हिशेबानेच येतात, आणि या खरेदीतली जोखीम नेमकी या तफावतीत आहे. चांगली सांभाळलेली मिळाली तर या वयाच्या वेगवान हॅचबॅक गाड्यांत तिच्याइतके समाधान देणारी दुसरी नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र हेळसांड झालेली जीटीआयही बाहेरून तितकीच देखणी दिसते, टेस्ट ड्राइव्हला तितक्याच जोमाने पळते, आणि तिचे खरे रूप पैसे चुकते केल्यानंतर काही महिन्यांनी उघडे पडते.

गाडीची ओळख थोडक्यात सांगायची तर, १९७५ साली फ्रँकफर्टच्या मोटार प्रदर्शनात मांडलेल्या आणि पुढच्या वर्षी विक्रीस आलेल्या पहिल्या जीटीआयमध्ये १.६ लिटरचे, ११० अश्वशक्तीचे इंजिन होते. मधल्या काळात, विशेषतः तिसऱ्या आणि चौथ्या पिढीत, गाडी जड झाली आणि तिच्यातला चटपटीतपणा उणावला, अशी तक्रार सर्रास होत असे. पाचव्या पिढीने ती तक्रार मिटवली. दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, २०० अश्वशक्ती, १,८०० आरपीएमपासूनच हाताशी येणारा २८० न्यूटन मीटर टॉर्क, आणि मागच्या बाजूला स्वतंत्र मल्टी-लिंक सस्पेन्शन, अशी ही जुळणी आहे. मॅन्युअल गाडी साधारण ७.२ सेकंदांत शून्यावरून ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठते, आणि तरीही मागच्या सीटवर दोन मोठी माणसे नीट बसतात, डिकीत सामान मावते आणि खराब रस्त्यावर पाठ मोडत नाही. वेग आणि रोजचा वापर यांचा असा मेळ तिच्या काळातल्या फार थोड्या गाड्यांना साधला.

या गाडीच्या दोषांची नीट मांडणी केली, तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. इथला मोठा खर्च बहुतेक वेळा एखाद्या किरकोळ भागापासून सुरू होतो. तो भाग वेळेवर बदलला असेल तर इंजिन निर्धोकपणे दोन लाख किलोमीटर पार करते. बदलला नसेल तर तो स्वतःसोबत शेजारच्या महागड्या भागालाही घेऊन जातो. म्हणून विक्रेत्याला विचारण्याचा पहिला प्रश्न ‘गाडी किती चालली’ हा नसून ‘अमुक भाग कधी बदलला आणि त्याची पावती आहे का’ हा असला पाहिजे. ओडोमीटरवरचा आकडा मागे घेता येतो; दहा वर्षांच्या पावत्यांची, वेगवेगळ्या गॅरेजांच्या शिक्क्यांची आणि चढत्या क्रमाने वाढत जाणाऱ्या किलोमीटरांची फाइल बनावट तयार करण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही.

यातला सर्वांत कुप्रसिद्ध भाग म्हणजे उच्च दाबाच्या इंधनपंपाचा कॅम फॉलोअर. या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते आणि त्यासाठी लागणारा प्रचंड दाब सिलिंडर हेडच्या टोकाला बसवलेला एक यांत्रिक पंप तयार करतो. इनटेक कॅमशाफ्टच्या, म्हणजे हवा आत घेणारे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या फिरत्या दांड्याच्या, टोकावरचा उंचवटा फिरता फिरता या पंपाचा दट्ट्या दाबत राहतो, आणि उंचवटा व दट्ट्या यांच्यामध्ये शिंप्याच्या अंगुस्तानासारखी दिसणारी एक छोटी पोलादी टोपी असते. तोच फॉलोअर. त्याच्या तळावर काळ्या रंगाचा कठीण लेप असतो. गाडी चालत जाते तसा आधी मधला काळा लेप उडून तिथे चंदेरी वर्तुळ दिसू लागते, मग ते वर्तुळ पसरते, तळ खोलगट होतो, आणि तरीही कोणी लक्ष दिले नाही तर टोपीला सरळ भोक पडते. त्यानंतर दट्ट्या थेट कॅमशाफ्टवर घासू लागतो, कॅमचा उंचवटा खरवडला जातो, पंप निकामी होतो आणि धातूचा कीस ऑइलमधून इंजिनभर फिरतो. एवढ्याशा भागापायी होणारे हे नुकसान इतके सर्वज्ञात झाले, की अमेरिकेत कंपनीला या भागांची वॉरंटी वाढवून द्यावी लागली.

गैरसोय अशी, की बाहेरून याचे कोणतेही लक्षण लवकर दिसत नाही. वरच्या आरपीएमला ताकद तुटणे किंवा इंधनदाबाचा दोष संगणकात नोंदला जाणे ही उशिराची चिन्हे आहेत. तोवर बहुधा कॅमशाफ्टला इजा झालेली असते. खात्री करण्याचा मार्ग एकच आहे आणि तो अवघडही नाही. इंधनाचा दाब उतरवून पंपाचे तीन स्क्रू काढले की पंप हातात येतो आणि फॉलोअर बाहेर काढून पाहता येतो. काम थंड इंजिनावरच आणि जाणत्या मेकॅनिककडूनच करून घ्यावे, कारण या नळ्यांमध्ये दाब शिल्लक असू शकतो. तळ पूर्ण काळा असेल तर उत्तम. मध्यभागी थोडासा चंदेरी डाग असेल तर नवीन फॉलोअर घालून निश्चिंत होता येते. तळावर नख फिरवल्यावर खोलगटपणा लागला तर मात्र कॅमशाफ्टचा उंचवटाही टॉर्च लावून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. २०,००० ते ३०,००० किलोमीटरांनी हा भाग उघडून पाहावा, असा या गाडीच्या जाणकारांचा प्रघात आहे. ज्या विक्रेत्याला फॉलोअर म्हणजे काय हे विचारताक्षणी कळते आणि जो त्याची पावती काढून दाखवतो, त्याची गाडी अर्धी तपासून झाली असे समजायला हरकत नाही.

दुसरा भाग टायमिंग बेल्ट, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्या हालचालींचा मेळ राखणारा पट्टा. या इंजिनात बेल्ट तुटला किंवा दाते घसरले तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात आणि सिलिंडर हेडचे काम निघते. किती किलोमीटरांनी बदलायचा याबाबत कंपनीच्या सूचना देशोदेशी वेगळ्या आहेत आणि विक्रेते साहजिकच त्यांतला सर्वांत सैल आकडा पुढे करतात. परंतु रबराला किलोमीटरइतकेच वयही लागते, आणि कमी चाललेल्या गाडीत कारखान्यातला मूळ बेल्ट अजून तसाच असणे ही अजिबात दुर्मीळ गोष्ट नाही. कूलंट फिरवणारा वॉटर पंपही याच बेल्टवर चालतो. तेव्हा नुसता बेल्ट बदलला आणि बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर, रोलर व पंप जुनेच ठेवले, असे पावतीवर दिसल्यास ते काम अर्धवट समजावे. बेल्टशिवाय दोन कॅमशाफ्टना जोडणारी एक छोटी चेनही मागच्या बाजूला असते, हे पुष्कळांच्या गावीही नसते. थंड इंजिन सुरू केल्यावर त्या बाजूने खडखड ऐकू आली तर तिच्या टेन्शनरचा संशय घ्यावा.

थंड इंजिनाचा मुद्दा इथे थोडा विस्ताराने सांगितला पाहिजे. गाडी पाहायला जाण्यापूर्वी विक्रेत्याला ती सुरू न करण्याची विनंती करावी, आणि पोहोचल्यावर सर्वांत आधी बॉनेटवर हात ठेवून पाहावा. बॉनेट गरम लागला तर कारण काहीही सांगितले जावो, दुसऱ्या दिवशी पुन्हा येण्याची तयारी ठेवावी, कारण या इंजिनाचे बरेचसे दोष पहिल्या दोन मिनिटांतच बोलतात आणि गरम झाल्यावर गप्प बसतात. सुरू होताना इंजिन अडखळले, आयडलिंगला हलत राहिले आणि मिनिटाभरात शांत झाले, तर इनटेक व्हॉल्व्हवर कार्बन साचल्याची दाट शक्यता असते. साध्या इंजिनात पेट्रोल व्हॉल्व्हच्या आधी फवारले जाते आणि व्हॉल्व्ह त्याने धुतले जातात. इथे ते थेट सिलिंडरमध्ये जात असल्यामुळे ऑइलची वाफ व्हॉल्व्हवर बसते, भाजते आणि तिची पुटे चढत जातात. हा दोष जीवघेणा नाही. इनटेक मॅनिफोल्ड उतरवून अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या दाबाने मारून व्हॉल्व्ह साफ करतात आणि इंजिन पुन्हा ताजेतवाने होते. फक्त त्याची मजुरी किमतीतून वजा करून घ्यावी.

अडखळण्याची आणखी दोन कारणे याहून स्वस्त आहेत. ठिणगीसाठी वीज पुरवणाऱ्या इग्निशन कॉइल या गाडीत नेहमी जाणाऱ्या वस्तूंपैकी आहेत, आणि जोर लावताना इंजिन मिसफायर करू लागले, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटेनासे झाले, व इंजिनाचा दिवा लुकलुकू लागला, तर मिसफायर दाखवणाऱ्या सिलिंडरची कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावून पाहावी. दोष कॉइलबरोबर सरकला तर निदान झाले. दुसरे कारण क्रँककेसमधली वाफ बाहेर सोडणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह. त्याचा पडदा फाटला की इंजिन ऑइल खाऊ लागते, आयडलिंग बिघडते आणि कधी कधी शिट्टीसारखा आवाज येतो. टर्बोचा जादा दाब वळवणाऱ्या डायव्हर्टर व्हॉल्व्हमधला रबरी पडदाही असाच फाटतो. मग पूर्ण ॲक्सिलरेटर दाबल्यावर पिकअप येतो खरा, पण तो उशिरा आणि थकल्यासारखा येतो. ज्याने निरोगी जीटीआय आधी चालवलेली नाही, त्याला हा फरक कळत नाही. म्हणून एकच गाडी पाहून निर्णय घेऊ नये, दोन-तीन तरी चालवाव्यात.

ऑइलच्या बाबतीत माहितीपुस्तकाचा आधार घेऊन फसवणूक सहज होते. १,००० किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंत ऑइल लागणे चालते असे कंपनी म्हणत असली, तरी एवढे ऑइल खाणारे इंजिन मी तरी निरोगी म्हणणार नाही. चढावर जोर लावून नंतर ॲक्सिलरेटर सोडावा आणि पुन्हा दाबताना आरशात पाहावे. निळसर धुराचा झोत मागे पडला तर टर्बोचे सील, व्हॉल्व्हचे सील किंवा पिस्टन रिंग यांपैकी काहीतरी उतरणीला लागले आहे. ऑइल दोन वर्षांनी किंवा ३०,००० किलोमीटरांनी बदलण्याची ‘लाँगलाइफ’ पद्धत कागदोपत्री मान्य असली, तरी टर्बोच्या गाडीला ती मानवत नाही. दर १०,००० ते १५,००० किलोमीटरांना योग्य दर्जाचे ऑइल बदलल्याच्या नोंदी ज्या फाइलमध्ये आहेत, त्या गाडीला थोडे जास्त पैसे देणे शहाणपणाचे ठरते.

स्कॅनर सोबत नेणे आता अवघड राहिलेले नाही. मोबाइलला जोडता येणारे छोटे उपकरणही पुरते. मात्र ‘दोष आढळला नाही’ एवढ्या ओळीवर समाधान मानू नये. विक्रीपूर्वी दोष पुसून टाकणे हा एका मिनिटाचा खेळ आहे. दोष पुसले की गाडीच्या संगणकाने स्वतःशी ठरवलेल्या निरनिराळ्या चाचण्या पुन्हा शून्यापासून सुरू होतात आणि त्या पूर्ण व्हायला पुरेसा प्रवास व्हावा लागतो. स्कॅनरच्या ‘रेडिनेस’ या भागात त्या अपूर्ण दिसल्या तर गाडीची बॅटरी नुकतीच काढली होती किंवा दोष नुकतेच पुसले होते, अशी दाट शक्यता असते. आणि बॅटरी कधी बदलली हे विक्रेत्याला पावतीवरून सांगता यायला हवे.

गिअरबॉक्सकडे वळू. डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा स्वयंचलित गिअरबॉक्स, हा या गाडीचा मोठा आकर्षणबिंदू. पाचव्या पिढीत सहा गिअरचा, ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचचा प्रकार बसवला होता आणि तो नंतरच्या सात गिअरच्या कोरड्या क्लचच्या प्रकारापेक्षा बराच दणकट आहे. दोघांची बदनामी मात्र एकाच नावाने होते. त्याचे ऑइल आणि फिल्टर दर ६०,००० किलोमीटरांनी बदलणे आवश्यक असते. हे काम चुकले की गिअर बदलण्याचा मेंदू आणि झडपा एकत्र असलेला मेकॅट्रॉनिक भाग त्रास देऊ लागतो, आणि त्याच्या बिलापुढे ऑइल बदलण्याचा खर्च नगण्य ठरतो. तपासणी गाडी पूर्ण गरम झाल्यावर करावी. सपाट जागी ब्रेक हळूच सोडून गाडी आपोआप सरकते का ते पाहावे, चढावर थांबून पुन्हा निघावे, वाहतुकीत रांगत असल्यासारखे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये खेळवावे आणि रिव्हर्स दोन-तीनदा टाकून पाहावा. निघताना थरथर, दुसऱ्यावरून पहिल्यावर येताना धक्का, किंवा डॅशबोर्डवरच्या गिअरच्या अक्षरांची उघडझाप, यांपैकी काही दिसले तर किंमत कितीही आकर्षक असो, विशेषज्ञाचा लेखी अहवाल मिळेपर्यंत पैसे देऊ नयेत.

मॅन्युअल गाडीत प्रश्न साधा आहे. चौथ्या किंवा पाचव्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर पूर्ण ॲक्सिलरेटर द्यावा; आरपीएमचा काटा वर चढला आणि वेग मागे राहिला, तर क्लच घसरतो आहे. त्यासोबत इंजिनाचे हादरे शोषणारे दुहेरी चाक, म्हणजे ड्युअल मास फ्लायव्हीलही ऐकावे: न्यूट्रलमध्ये येणारी खडखड क्लच दाबल्यावर बदलत असेल तर ते सैल झाले आहे, आणि क्लच बदलताना तेही बदलावे लागते.

क्लच घसरण्याचा संबंध अनेकदा रीमॅपशी असतो. संगणकातला प्रोग्रॅम बदलून या इंजिनातून २५० अश्वशक्तीच्या आसपास ताकद काढणे सोपे आहे आणि इंजिन ती पेलतेही. म्हणून रीमॅप केलेली गाडी दिसताच पाठ फिरवावी, असे मी म्हणणार नाही. पण ते कोणी केले, कधी केले आणि त्यासोबत क्लच, प्लग व ऑइलची काळजी वाढवली का, याची उत्तरे मिळाली पाहिजेत, आणि विमा उतरवताना बदल जाहीर करावे लागतात हेही ध्यानात ठेवले पाहिजे. खरा धोका लपवलेल्या बदलांचा आहे. प्रोग्रॅम मूळ, परंतु टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या पाइपवर नव्या क्लिपा. सायलेन्सर मूळ, परंतु त्याचे नट-बोल्ट चकचकीत. धुरातले प्रदूषण कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या जागी नुसती नळी, अशा विसंगती रॅम्पवर गाडी चढवल्यावरच दिसतात. विक्रेता रॅम्पवर न्यायला नकार देत असेल तर त्याला दुसरा ग्राहक मिळो.

मालकाचा स्वभाव टायरवरून चटकन वाचता येतो. २०० अश्वशक्तीच्या गाडीला चार कोपऱ्यांत चार वेगवेगळ्या, अनोळखी कंपन्यांचे टायर असतील, तर जिथे नजर पोहोचत नाही तिथेही अशीच काटकसर झाली असणार. टायर आतल्या कडेला जास्त झिजले असतील तर गाडी ठोकळेबाज पद्धतीने खाली केलेली असते किंवा अलाइनमेंट बिघडलेले असते; बाहेरचा खांदा खरवडल्यासारखा झाला असेल आणि डिस्कवर निळसर छटा व बारीक तडे दिसत असतील, तर ती ट्रॅकवर पळवलेली आहे. पुढच्या ३१२ मिलिमीटरच्या डिस्कच्या कडेला बोटाला लागेल असा उंच काठ तयार झाला असेल, तर डिस्क आणि पॅड दोन्ही खर्चात धरावेत. खड्ड्यांवरून हळू जाताना पुढून येणारा टकटक आवाज बहुधा वळणावर गाडी कलू न देणाऱ्या अँटी-रोल बारच्या लिंकचा असतो आणि तो किरकोळ असतो. ब्रेक मारताना दचका बसून गाडी किंचित भरकटत असेल तर सस्पेन्शनच्या खालच्या आर्मचे मागचे रबरी बुश फाटलेले असतात. पुढच्या स्प्रिंगांचे शेवटचे वेटोळेही तुटते, म्हणून चाक वळवून टॉर्चने पाहावे.

पत्र्याच्या बाबतीत एकच जागा खास या गाडीची म्हणून सांगण्यासारखी आहे. पुढच्या मडगार्डच्या आत, चाकाच्या कमानीमागे, आवाज दाबण्यासाठी फोमचा तुकडा बसवलेला असतो. तो ओलावा धरून ठेवतो आणि पत्रा आतून कुजत बाहेर येतो. कमानीच्या कडेला रंगाखाली फुगलेला बारीकसा फोड दिसला की आत काय चालले आहे याची कल्पना करावी. अपघाताची तपासणी इतर गाड्यांसारखीच करावी, म्हणजे दारांमधल्या फटी, बॉनेटच्या बोल्टवरचा रंग, डिकीच्या गालिच्याखालचा पत्रा आणि काचांवरचे शिक्के पाहावेत.

विजेच्या तक्रारी त्रासदायक असल्या तरी गाडी थांबवणाऱ्या नसतात. दाराच्या कुलपातला छोटा स्विच निकामी झाला की दार उघडूनही आतला दिवा लागत नाही किंवा बंद दार उघडे असल्याची सूचना येत राहते, आणि एवढ्याशा स्विचसाठी पूर्ण कुलूप बदलावे लागते. एसी मात्र गंभीरपणे तपासावा. ‘फक्त गॅस भरायचा आहे’ हे विक्रेत्यांचे लाडके वाक्य आहे, पण तेवढेच काम बाकी असते तर ते करून चार पैसे जास्त मागितले गेले नसते का? कॉम्प्रेसर जाणे ही या गाडीची माहीत असलेली खोड आहे. किल्ली फिरवल्यावर एबीएसचे आणि गाडी घसरू न देणाऱ्या ईएसपी यंत्रणेचे दिवे आधी लागून मग विझतात की नाही, हेही पाहावे. ब्रेकदाबाचा सेन्सर एबीएसच्या युनिटमध्येच असल्याने त्याचा दोष आला की सगळे युनिट दुरुस्तीला काढावे लागते. सनरूफ असेल तर पायाखालचा गालिचा तळहाताने दाबून ओल लागते का ते पाहावे. चालकाच्या सीटची दाराकडची उशी बसून गेली असेल आणि ओडोमीटर ६०,००० म्हणत असेल, तर दोघांपैकी सीटवर विश्वास ठेवावा.

पाचवी पिढी सोडून थेट सहावी घ्यावी का, असे अनेक जण विचारतात. तिच्यात २१० अश्वशक्तीचे नवे इंजिन आले, बेल्टच्या जागी चेन आली आणि चेन आयुष्यभर टिकते या समजुतीने ग्राहक खूश झाले. प्रत्यक्षात सुरुवातीच्या गाड्यांतला चेनचा टेन्शनर सदोष निघाला. तो दगा देतो तेव्हा चेन दाते सोडते आणि परिणाम बेल्ट तुटल्यासारखाच होतो. म्हणून सहाव्या पिढीच्या, विशेषतः २०१२ पूर्वीच्या गाडीत सुधारित टेन्शनर बसवल्याची पावती हा पहिला कागद मागावा. पाचव्या पिढीतली जीटीआयची ३० वर्षे साजरी करणारी ‘एडिशन ३०’ ही २३० अश्वशक्तीची आवृत्ती मात्र मोठ्या टर्बोमुळे खरोखर वेगळी आहे. तिच्या नावाखाली साध्या गाड्याही खपवल्या जातात, तेव्हा नुसते चिन्ह न पाहता इंजिनाचा ‘बीवायडी’ हा कोड पडताळून घ्यावा.

त्याच काळातल्या प्रतिस्पर्ध्यांत फोर्ड फोकस एसटीचे पाच सिलिंडरचे, अडीच लिटरचे, २२५ अश्वशक्तीचे इंजिन आवाजाने मन जिंकते. तिच्या बाबतीत एक झटपट चाचणी आहे: इंजिन आयडलिंगला असताना बारीक किंकाळीसारखा आवाज येत असेल तर ऑइलची डिपस्टिक थोडी वर ओढावी, आवाज लगेच थांबला तर ऑइल फिल्टरच्या घरातला वाफेचा पडदा फाटला आहे. होंडा सिव्हिक टाइप आरचे दोन लिटरचे टर्बोविरहित इंजिन दणकट आहे, पण तिसरा गिअर अलगद पडू देणारा सिंक्रो दुबळा. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर चढ्या आरपीएमला गिअर टाकताना करकर झाली तर गिअरबॉक्स उघडावा लागणार. रेनो क्लिओ आरएस १९७ सुरू होताना काही क्षण डिझेलसारखी खडखडली तर तिच्या व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ मागेपुढे करणाऱ्या, कॅमच्या डिफेझर पुलीची वेळ भरली आहे. आणि २०१० पूर्वीची मिनी कूपर एस कितीही गोंडस वाटली, तरी चेनचा टेन्शनर, इंधनपंप आणि ऑइल खाण्याची सवय या तिन्हींचा पुरावा मिळाल्याखेरीज तिच्या वाटेला जाऊ नये. या सगळ्यांत गोल्फचे दोष संख्येने कमी नाहीत, पण ते पूर्णपणे माहीत झालेले आहेत, त्यांचे भाग सहज मिळतात आणि ते आधी हेरता येतात. माझी पसंती तिला आहे ती यासाठी.

घासाघीस करताना कॉइल, डायव्हर्टर व्हॉल्व्ह, लिंक, टायर, कार्बन सफाई आणि दाराचे कुलूप ही कामे बेरजेत धरून किंमत कमी करून घ्यावी. खरवडलेला कॅमशाफ्ट, थरथरणारा डीएसजी, निळा धूर आणि कुजलेला पत्रा यांवर घासाघीस न करता निघून यावे. गाडी ताब्यात आल्यावर पावतीने सिद्ध न होणारी कामे झालेलीच नाहीत असे धरून आधी टायमिंग बेल्टचा पूर्ण संच आणि वॉटर पंप, मग इंजिन व गिअरबॉक्सचे ऑइल, आणि त्याच खेपेस नवा फॉलोअर, या क्रमाने काम काढावे. जुना फॉलोअर फेकून न देता त्यावर तारीख आणि किलोमीटर लिहून तो पावतीसोबत पाकिटात ठेवावा, कारण पुढे ही गाडी विकायला काढाल तेव्हा दारात येणारा जाणकार ग्राहक सर्वांत आधी तोच मागणार आहे.